शेजारची राज्यं रचताना: कल्पित जग लिहू पाहणाऱ्यांसाठी

अद्भुतकथा लिहायला बसलेला माणूस सगळ्यात आधी नकाशा काढतो. काढावा. पण रविवारी सकाळी मिसळ खाताना आमच्या लिहित्या मंडळींत कुणी नवीन येतं आणि वही उघडतं, तेव्हा त्या नकाशावर बारा राज्यं असतात, बारा झेंडे असतात आणि कोपऱ्यात एक समुद्री सर्प असतो. "ह्या दोघांचं भांडण कशावरून?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: पूर्वापार वैर आहे.

पूर्वापार वैर म्हणजे काय हो? गावात दोन घरं तीन पिढ्या बोलत नसतील, तर जरा खणल्यावर खाली कोरलेला बांध निघतो, विहिरीवरची पाळी निघते, नाहीतर कुठल्या तरी लग्नात राहून गेलेला मान निघतो. राज्यांचं याहून वेगळं नसतं. फक्त बांध मोठा असतो आणि कोरायला फौज लागते.

माझ्या पहिल्या वहीत चौदा राज्यं होती. निफाडच्या मामांना मोठ्या हौसेने दाखवली. मामा द्राक्षबागायतदार, कथा-कादंबरीशी संबंध नाही. त्यांनी नकाशा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "ही नदी डोंगर चढते कशी रे?" मग जरा थांबून, "आणि यांच्यात बांध कुठंय?" ती वही मी मिटली. पुढे जे लिहितो आहे ते त्या दोन प्रश्नांनंतर हळूहळू जमलेलं आहे.

पहिली पायरी: राज्यं कमी करा

दोन मोठी आणि मधे एक चिंचोळं, एवढं पुरे. बाकीची नावापुरती ठेवा, लागतील तेव्हा उघडा. मी इथे उदाहरणासाठी तीन घेतो. वरच्या अंगाला, डोंगरातलं गवंदर. खाली सपाटीवरचं निपाट. आणि दोघांच्या मधल्या खिंडीतलं उंबरबारी.

नावांबद्दल एकच सांगतो. इंग्रजी वळणाची, 'इया'ने संपणारी नावं मराठी वाक्यात दगडासारखी टोचतात. आपल्याकडची गावांची नावं मुळातच नकाशा असतात. नाशिक जिल्ह्याच्या उत्तरेला, बागलाणात खिंडीला बारी म्हणतात, म्हणून सेलबारी, कांचनबारी. उंबरबारी म्हटलं की खिंड आहे हे वेगळं सांगावं लागत नाही आणि एक उंबराचं झाडही फुकटात मिळतं.

दुसरी पायरी: पाणी कुठून कुठे जातं ते ठरवा

इथे घाई करू नका. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीकडे बघा. त्या डोंगररांगेवर पडलेल्या पावसाचे दोन वाटे होतात. एक वाटा गोदावरीतून पूर्वेला निघतो आणि जवळपास दीड हजार किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळतो. दुसरा वैतरणेतून पश्चिमेला जातो, तिथला समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही. एकाच डोंगराच्या दोन उतारांवर दोन वेगळी जगं वसतात. पावसाचंही तसंच. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या येवल्याला पाचशेच्या आसपास. घाटमाथा ढग अडवतो, पलीकडच्याला उरलंसुरलं. म्हणून डोंगर कुठे आणि वारा कोणत्या दिशेने हे ठरवलंत की कोण श्रीमंत, कोण कोरडवाहू, कोण कुणाच्या तोंडाकडे बघतो, हे निम्मं आपोआप ठरतं.

आता खरी गंमत. नाशिक-नगरची धरणं वर, पैठणचं जायकवाडी खाली. वरच्यांनी पाणी अडवलं की खालचं धरण भरत नाही. २००५ च्या कायद्याने समन्यायी वाटपाचं तत्त्व आणलं आणि पुढे सूत्र ठरलं: १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचं. २०२३ मध्ये ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडण्याचा आदेश निघाला, तेव्हा इथे नाशिक-नगरला विरोध आणि तिथे मराठवाड्यात 'लवकर सोडा' म्हणून आंदोलनं. दोन्हीकडची माणसं मराठीच, सरकार एकच, आणि तरीही हे. मग तुमच्या दोन वेगळ्या राजांचं काय होईल?

बारकावा याहून पुढे आहे. पाणी नुसतं सोडून भागत नाही, वाटेत ते मुरतं आणि उचललंही जातं. म्हणून सोडताना कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढतात, नदीकाठच्या मोटारींची वीज तोडतात, गस्त घालतात. आता हे गवंदर-निपाटला लावा. तह झाला आहे: नवरात्र संपलं की निपाटचं मोठं तळं मोजायचं, ठरल्या खुणेच्या खाली असेल तर गवंदरने दरवाजे उघडायचे. तीन प्रश्न वहीत लिहा. मोजणार कोण? वाटेत मुरलेलं पाणी कुणाच्या हिशोबात? आणि नदीकाठच्या गवंदरी गावांनी रात्री चोरून पाट फोडला तर शिक्षा कुणाच्या कायद्याने? तुमची पहिली तीन प्रकरणं इथेच आहेत. अजून एकही तलवार उपसलेली नाही.

तिसरी पायरी: वाट कुणाच्या हातात आहे

मधल्या छोट्या राज्याला नवे लेखक नेहमी गरीब बिचारं करतात. बागलाणचा इतिहास बघितला की हे खूळ जातं. मुल्हेर आणि साल्हेर हे दोन बेलाग किल्ले (साल्हेर १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच), सुरतेकडून दख्खनकडे जाणाऱ्या मालाची वाट हाताशी, आणि बागूल राजे. गुजरातेत ज्याचा जोर त्याला कधी नजराणा, दख्खनेत ज्याचा जोर त्याला कधी. असं करत त्यांनी मोठमोठ्या सत्तांच्या मधोमध पिढ्यान्‌पिढ्या राज्य राखलं. शेवटी १६३८ मध्ये औरंगजेबाच्या सैन्याने मुल्हेर घेतलं तेव्हा ते संपलं. आणि संपलं म्हणजे प्रदेशाचं महत्त्व संपलं असं नाही, १६७२ ला साल्हेरपाशी मराठे आणि मोगल समोरासमोर आलेच.

तेव्हा उंबरबारीच्या राणीला रडवू नका. तिच्याकडे खिंड आहे. निपाटचं मीठ आणि कापड वर जातं, गवंदरचं लाकूड आणि मध खाली येतो, दोन्हीवर जकात तिची. ती दोघांनाही आपलं म्हणते आणि दोघांच्याही दरबारात तिची एकेक भाची दिलेली आहे. तिला एकच भीती: दोघांचं भांडण मिटलं तर? दोघं मिळून एके दिवशी म्हणतील, जकात कशाला? म्हणून भांडण विझू न देणं हे तिचं परराष्ट्र धोरण. फार पेटूही द्यायचं नाही, कारण मग वाट बंद पडते. चुलीसारखं सांभाळायचं.

चौथी पायरी: एका राज्याची तीन तोंडं

'गवंदरला वाटलं', 'निपाट चिडलं' अशी वाक्यं वहीत सापडली की खोडा. राज्य चिडत नाही, राज्यातलं कुणीतरी चिडतं आणि त्याच वेळी दुसरं कुणीतरी खूश असतं.

लासलगावचा कांदा याचं उत्तम उदाहरण. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं, इकडे लिलाव बंद पडले. डिसेंबरात निर्यातच बंद केली. मे २०२४ ला बंदी उठवली ती टनाला ५५० डॉलर किमान भाव आणि ४० टक्के शुल्क ठेवून. निर्यात बंद झाल्यावर शहरातल्या गिऱ्हाइकाला स्वस्त कांदा मिळाला, कांदाचाळीत माल साठवलेल्या शेतकऱ्याचं नुकसान झालं, आणि बांगलादेश-श्रीलंकेतल्या माणसाच्या जेवणात कांदा महागला. त्या देशांनी आपल्याला काही केलेलं नव्हतं. आपला निर्णय आपल्याच शहरांसाठी होता, झळ शेजाऱ्याला बसली. दोन देशांतली पुष्कळ कटुता अशी आडबाजूनेच येते, हे लक्षात ठेवलंत तर तुमच्या कथेत दुष्ट राजाची गरजच उरणार नाही.

प्रत्येक राज्यासाठी निदान तीन गट लिहा आणि एका निर्णयावर तिघांचं मत लिहा. निपाटने मीठ वर पाठवणं थांबवलं. राजधानीतले लोक म्हणतात शाब्बास. मिठागरवाले म्हणतात मेलो. सैन्याचा सरदार गप्प आहे, कारण त्याची घोडी गवंदरच्या कुरणात चरायला जातात.

पाचवी पायरी: रेघेवरची माणसं

नकाशावरची सीमा पेनाने काढलेली असते. तिथे राहणाऱ्याला ती दिसत नाही, त्याला बाजार दिसतो. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याच्या पलीकडे डांग आहे. १९६० ला राज्यं वेगळी झाली तेव्हा डांग गुजरातेत गेला. डांगी बोली मराठीची की गुजरातीची यावर तेव्हा वाद झाले, पण बोलणारे बोलतच राहिले आणि सोयरिकी होतच राहिल्या. सुरगाणा तर स्वतःच एके काळी संस्थान होतं. २०२२ च्या अखेरीस तिथल्या सीमेलगतच्या काही गावांनी 'आम्हाला गुजरातला जोडा' म्हटलं, ते भाषेच्या प्रेमापोटी नव्हे, रस्ता, पाणी, दवाखाना यांपायी. आणि डांगात आहव्याला होळीच्या आधी दरबार भरतो, तिथे पाच भिल्ल राजांना आजही मानाने सालियाना, म्हणजे वर्षाची ठरलेली रक्कम, दिला जातो. राज्य गेलं, राजे राहिले. असली गोष्ट कल्पनेने सुचणं कठीण, म्हणून सांगतो आहे.

तुमच्या सीमेवरचं एक गाव निवडा. त्या गावातली बाई कुठल्या बाजूला दळण नेते, मुलगी कुठे देते, मेल्यावर कुठल्या नदीत राख सोडते, हे लिहा. तिन्ही उत्तरं एकाच राज्यातली आली तर सीमा चुकीच्या जागी आहे.

सहावी पायरी: जादूलाही हिशोब हवा

जादू आली की नवे लेखक राजकारण विसरतात. एका मंत्राने शत्रूची फौज राख. मग खिंड कशाला, तह कशाला? माझं मत थोडं कडक आहे: जादू ही पाण्यासारखी, मिठासारखी वस्तू धरा. कुठे मिळते, कुणाला मिळत नाही, वापरली की कुणाचं काय जातं?

समजा निपाटमध्ये 'मेघवळे' नावाची घराणी आहेत, ती ढग वळवू शकतात. छान. पण ढग नवा तयार होत नाही, गवंदरवर पडणारा इकडे येतो. म्हणजे दर वळवलेला ढग म्हणजे शेजाऱ्याच्या शेतातून कापलेला ऊस. गवंदरच्या हातात दरवाजे आहेत, निपाटच्या हातात ढग आहेत. आता तह बरोबरीचा झाला आणि म्हणूनच फार नाजूक झाला. एखादा मेघवळ्या लाच घेऊन तिसऱ्याच राज्यासाठी काम करू लागला तर? त्याला पकडून द्यायचं कलम तहात आहे का?

ड्रॅगन हवाच असेल तर ठेवा, पण तो रोज काय खातो आणि ती गुरं कुणाच्या कुरणातली, ते आधी लिहा.

सातवी पायरी: नाणं आणि मान

या दोन गोष्टी नवशिके हमखास विसरतात. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त. नाणी क्षहरात घराण्यातला क्षत्रप राजा नहपान याची, पण त्यातल्या दोन तृतीयांशाहून अधिक नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजाने, गौतमीपुत्र सातकर्णीने, आपले ठसे मारलेले. नहपानाचा चेहरा खालून डोकावतोच. जिंकलेल्या शेजाऱ्याचं नाणं वितळवलं नाही, त्यावरच शिक्का मारून चालवलं. तुमच्या पात्राच्या हातात असं एक नाणं द्या, शंभर वर्षांचा इतिहास सांगायची दोन पानं वाचतील.

उलटं उदाहरण नाशिकरोडचं. फाळणीनंतर पाकिस्तानकडे नोटा छापायची सोय नव्हती. १९४८ मध्ये तिथे ज्या पहिल्या नोटा चालल्या त्या इथल्या छापखान्यात छापलेल्या, भारताच्याच नोटांवर पाकिस्तान सरकारचं नाव जादा उमटवून. त्याच सुमारास काश्मिरात दोघं लढत होते. वेगळं झाल्यावरही टाकसाळ, भट्टी, लिपिक, वजनमापं लगेच वेगळी होत नाहीत. तुमची दोन राज्यं पूर्वी एक असतील तर कुठली एक वस्तू अजून सामाईक आहे, ते शोधा.

मानाचं थोडक्यात. सिंहस्थात शैव आखाडे त्र्यंबकला स्नान करतात, वैष्णव नाशिकला रामकुंडावर. कोण आधी, कोण नंतर, कोणत्या वाटेने, हे सगळं ठरलेलं असतं आणि ते ठरलेलं असण्यामागे जुनी भांडणं आहेत. तुमच्या तिन्ही राज्यांचे राजे एकत्र येतील असा एक प्रसंग ठेवा आणि पहिलं पाऊल कुणाचं ते ठरवा.

आठवी पायरी: एक वाईट वर्ष चालवून बघा

कथानक सुरू करण्याआधी हे करा. कागदावर बारा महिने मांडा आणि पाऊस निम्मा करा. बस, बाकी काही नको. आषाढात काय होतं? गवंदर दरवाजे लावून घेतं. श्रावणात निपाट मेघवळ्यांना बोलावतं. भाद्रपदात उंबरबारीत धान्याचा भाव दुप्पट. दसऱ्याला मोजणी. मोजणीवरून वाद. महिन्याला दोन ओळी लिहा, जास्त नकोत. एखाद्या महिन्यात कुणाचंच काही अडत नसेल तर तुमची राज्यं अजून शेजारी झालेली नाहीत, दुसऱ्या पायरीवर परत जा. मला तीनदा जावं लागलं होतं.

नववी पायरी: एक सरकारी कागद लिहा

ही माझी आवडती, आणि यासाठी घर सोडावं लागेल. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांवर सकाळी लवकर चढा, उन्हं तापायच्या आत. पाण्याची बाटली घ्या. एकूण २४ लेणी आहेत, तुम्ही फक्त दोन बघा, दहावं आणि तिसरं.

दहाव्यातल्या शिलालेखात नहपानाचा जावई उषवदात बोलतो. तीन हजार कार्षापण (तेव्हाची नाणी) इथल्याच गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ठेवले आहेत: दोन हजार एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक व्याजाने, एक हजार दुसरीकडे, शेकडा पाऊण. मुद्दल परत घ्यायचं नाही, व्याजातून पावसाळ्यात राहणाऱ्या भिक्षूंना कापडाचे पैसे. पुढे त्याने कुठल्या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या त्यांची नावं येतात, त्यात पारदा, दमणा आहेत, म्हणजे आपल्या पार आणि दमणगंगा. आणि मधेच येतं की पावसाळ्यात मालय लोकांनी उत्तमभद्र लोकांना वेढलं होतं, त्यांना सोडवायला मी गेलो आणि मालय नुसत्या आवाजाने पळाले. राजकारण, बँक, नावा, बढाई, सगळं एकाच भिंतीवर.

मग तिसऱ्या लेण्यात या. थोडं थांबून खांब बघा, दहाव्याशी स्पर्धा दिसते. इथे गौतमीपुत्राचा हुकूम आहे, गोवर्धनच्या अमात्याला: आजपर्यंत उषवदाताकडे असलेलं दोनशे निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) शेत भिक्षूंना दिलं आहे, त्यात सरकारी माणसाने शिरायचं नाही, मिठासाठी खणायचं नाही. हरलेल्या शेजाऱ्याचं शेत, नवा मालक, आणि जुन्याच मठाला दान. आणि सहा वर्षांनी, राजाचा आणि राजमातेचा मिळून, दुसरा हुकूम: आधी दिलेलं शेत कसलं जात नाही, ते गावही ओस आहे, तेव्हा त्याऐवजी नगराच्या शिवेवरच्या राजाच्या शेतातली शंभर निवर्तनं द्यावीत.

मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा हसलो. राजा जिंकतो, मोठ्या मनाने जमीन देतो, आणि जमीन पडीक निघते. गाव का ओस पडलं हे कोणी लिहिलेलं नाही. लढाईत की दुष्काळात? आणि दोनशेची शंभर का झाली?

आता तुमचा कागद. उंबरबारीच्या राणीने जिंकलेल्या जागेबद्दल अमात्याला हुकूम लिहा, दहा ओळी. जमीन किती, आधी कुणाकडे होती, आता कुणाला, तिथे कुणी शिरायचं नाही. भाषा कोरडी ठेवा. मग दुसऱ्या पानावर सहा वर्षांनंतरची तारीख घाला आणि त्याच जमिनीबद्दल दुरुस्तीचा हुकूम लिहा. मधली सहा वर्षं रिकामी सोडा, कादंबरी तिथून सुरू करा.